आंबेमळ्यातील शंभर टक्के नळांबाबत

मी, नाजिमा मैनुद्दीन तांबोळी, वय ४४ वर्षे, धंदा नोकरी (सामाजिक संस्था), राहणार कोथरूड, पुणे. पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून समक्ष हजर राहून सांगते की, सरकारी आकडे लोकांना समजावून देणे हे आमच्या संस्थेचे काम आहे.

शासनाच्या माहिती धोरणाचा मसुदा होत असताना सूचना मागवल्या होत्या. आम्ही एकच सूचना लावून धरली. वस्तीचा आकडा वर पाठवण्याआधी त्याच वस्तीत मोठ्याने वाचावा आणि कोणी हरकत घेतली तर तिथल्या तिथे खात्री करावी. बरेच हेलपाटे घातल्यावर ती प्रायोगिक म्हणून मान्य झाली. पहिले वाचन खराडीपलीकडच्या आंबेमळ्यात ठरले.

गेल्या रविवारी सकाळी पाणीपुरवठ्याचे कनिष्ठ अभियंता पृथ्वीराज काकडे यांनी देवळापुढे वाचले, "नळजोड, शंभर टक्के." बायका हसू लागल्या. अंगणवाडी मदतनीस शकूबाई हरगुडे म्हणाल्या, "सायेब, नळ हाय. पानी कुठं हाय?" श्री. काकडे म्हणाले की तक्त्यात नळाचा रकाना आहे, पाण्याचा नाही. ते खरेच होते. असा तक्ता करणाऱ्याला माझा कोपरापासून नमस्कार.

एवढे बोलून श्री. काकडे निघाले, तेव्हा शकूबाईंनी त्यांच्या दुचाकीची किल्ली काढून घेतली. मी शकूबाईंना अडवले नाही. शिवीगाळ किंवा धक्काबुक्की झाली नाही. "पान्याची येळ हुईस्तवर बसा, च्या घ्या," एवढेच त्या बोलल्या. पाण्याची वेळ झाल्यावर श्री. काकडे यांनी स्वतः घरोघर जाऊन नळ सोडून पाहिले. नुसती हवा आली. त्यांनी आकडा खोडून "नळ आहेत, पाणी येत नाही" असे लिहिले व सही केली. शकूबाईंनी किल्ली परत दिली. मला फार आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी श्री. काकडे यांच्या वरिष्ठांनी शकूबाईंविरुद्ध सरकारी कामात अडथळा आणल्याची तक्रार दिली. अशी वाचने बंद करावीत, असेही त्यात लिहिले. गुन्हा दाखल झाला तर शकूबाईंची नोकरी जाईल, याची मला काळजी वाटते. हरकतीची खात्री करणे हेच त्या दिवशीचे सरकारी काम होते. श्री. काकडे ते अर्धे टाकून निघाले होते, शकूबाईंनी ते पुरे करून घेतले. यात अडथळा कोणता, ते मला अजून समजलेले नाही. आपली काहीही तक्रार नाही, असे श्री. काकडे यांनी आज लिहून दिल्याचे ठाण्यात कळले. वाचने चालू राहतील असे आता मला वाटते.

जबाब टाइप झाल्यावर मला वाचून दाखवला. त्यात शकूबाईंचे नाव असल्याने तो त्यांनाही ऐकवावा, अशी मी विनंती केली. "ही काय ग्रामसभा आहे का, मॅडम?" असे ठाणे अंमलदार म्हणाले, पण बाहेर बसलेल्या शकूबाईंना आत बोलावून त्यांनी सगळा वाचून दाखवला. शकूबाईंची एक हरकत निघाली. त्यांच्या शब्दांत ती खाली घेतली आहे.

"आकडा खोडताना सायेब म्हनले, वरचे मला सोडायचे न्हाईत. तरी त्यांनी खोडला. हे बी लिवा."

आता जबाब बरोबर आहे.