शनिवारी फिरलेला घाणा

सन अठराशे छत्तीस, मंडळी! पण आधी माझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्या. पाहुण्याला घरात घेतलं, अंथरूण दिलं, आणि त्यानंच चार लोकांत आपल्याला मान खाली घालायला लावली, तर त्याला ठेवायचं की घालवायचं? ठेवायचं म्हणता? बघू हं!

तर ऐका. रेवदंड्याजवळच्या एका गावात यम्नाबाई आणि तिचा नवरा मुसाजी राहत. बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले यहुदी. घरचा तेलाचा घाणा. पण शनिवार देवानं नेमलेला विश्रांतीचा वार. त्या दिवशी घाणा बंद! चूल बंद! बैलालासुद्धा सुट्टी! म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे.

तिथं एकदा हॉल्डन साहेब आला. मिशनरी, पायी हिंडणारा, मराठी बोलायचा ती सगळी छापील! तो वाचत असलेलं शुभवर्तमान, म्हणजे येशूची कथा, यम्नाबाईनं खांबाआडून ऐकलं, आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, हा येशू तर आपल्यातलाच! आपला वल्हांडण सण करणारा! आपल्या घरचा लेक, आणि आपल्यालाच ठाऊक नाही?" दोघांनी विश्वास धरला. भावकी कुजबुजू लागली.

वर्षानं साहेब परत आला तो तापानं फणफणलेला. कोणी ओटा देईना. यम्नाबाईनं त्याला पडवीत घेतलं, पेज पाजली, आणि एलियाहू नबीच्या नावानं देवाला नवस बोलली, "पाहुणा बरा होऊ दे, मलिदा करीन." मलिदा म्हणजे गूळखोबरं घातलेले पोहे आणि फळं. साऱ्या जमातीनं बसून देवाचे आभार मानायचे. एकट्यादुकट्याचा मलिदा होत नाही!

शुक्रवारी ताप उतरला. आणि शनिवारी सकाळी — करर्र... करर्र!

यम्नाबाई धडपडत परसात गेली. बघते तो काय! साहेब घाण्याच्या फळीवर बसलाय आणि बैल गोल फिरतोय!

"साहेब, हे काय मांडलंत?"

"बाई, आपण माझी फार सेवा केली. आज आपण विश्रांती घ्यावी. काम मी करतो!"

"अहो, आज आमचा बैलसुद्धा विश्रांती घेतो! थांबवा त्याला!"

"मी त्यास म्हटले, कृपया थांबावे. तो ऐकत नाही!"

हसा, मंडळी, हसा! कोकणातल्या बैलाला 'कृपया' कोणी म्हटलंय कधी?

मुसाजीनं धावत येऊन बैल धरला. पण करकर वेशीपर्यंत पोचली होती. भावकी जमली. पुढे हसाजी काजी, जमातीचं धर्मकार्य करणारे आणि यम्नाबाईचे सख्खे चुलते.

"यम्ने! येशूला मानलंस, आम्ही गप्प बसलो. आता शनिवारही मोडलास? साहेबाला आत्ताच्या आत्ता घालव. नाहीतर तुझ्या उंबऱ्याला आमचा पाय लागणार नाही!"

पुढच्या महिन्यात लेकीचं लग्न, मंडळी! जमात आली नाही तर मांडवात उभं कोण राहणार? 

यम्नाबाईनं पदर सावरला. "काका, आज आपण प्रवास करत नाही. मग दुखण्यातून उठलेल्याला वाटेला लावायचं? चूक त्याची नाही, माझी धरा. तापात त्याला वार कळला नाही, मी सांगायला हवं होतं. पण पाहुणा जाणार नाही, आणि येशूलाही मी सोडणार नाही. चांदण्या दिसल्या की शनिवार संपतो, मग मलिदा आहे. यायचं त्यानं यावं."

काजी तरातरा निघून गेले.

चांदण्या दिसल्या. पोहे भिजले, ताट मांडलं. साहेब कोपऱ्यात, कान लालेलाल! दारात कुत्रंही नाही.

"झाकून ठेव गं," मुसाजी म्हणाला.

"राहू द्या उघडं."

तेवढ्यात खोकल्याचा आवाज — हसाजी काजी! मागे बायका, पोरं, अर्धी भावकी!

"अशी बघत्येस काय? तुझं मानणं मला मान्य नाही, उद्याही नसेल. पण माणूस मरता मरता वाचला आणि मी देवाचे आभार मानायला जाऊ नको? मग काजी कशाला झालो? सरक!" आणि बसले ते थेट साहेबाच्या शेजारी! "काय साहेब, आमच्या बैलाची झोप मोडलीत. आता पोहे तरी नीट चावा!"

अहाहा! घर हसण्यानं भरून गेलं, मंडळी!

पुढे लेकीचं लग्न थाटात झालं. हॉल्डन साहेबानं तिथंच शाळा काढली, तीत काजींचे नातू शिकले. काजींनी येशूला शेवटपर्यंत मानलं नाही; पण साहेबाशी वाद घालायला रोज येत, आणि साहेब वारला तेव्हा लहान मुलासारखे रडले. मुसाजीनं अखेरपर्यंत शाळेच्या दिव्यांना तेल पुरवलं. पुढे साहेबाची मडम आली, तिच्याबरोबर यम्नाबाई गावोगाव शुभवर्तमान सांगत हिंडली. ती गेली तेव्हा तिला खांदा द्यायला यहुदीही होते आणि ख्रिस्तीही!

आता आपलं बोलू. गेल्या रविवारी इथं चर्चमध्ये मागच्या बाकावर एक नवं कुटुंब आलं होतं. प्रार्थनेत त्यांचं पोर रडलं आणि आपण सगळ्यांनी वळून डोळे वटारले. आज बाक रिकामा आहे, पाहिलंत? कीर्तन संपलं की मी त्यांच्याकडे निघाले. माझे गुडघे दुखतात, हळूहळू चालेन. चपला घालून कोण कोण येतंय?