व इतर

...अहो, तोच तर शब्द! 'इतर'! एवढासा दिसतो, पण तुम्हाला सांगतो, पेपरात याच्याइतकी माणसं कुणी गिळत नाही! उघडा कुठलंही पान. 'एक गंभीर, इतर किरकोळ जखमी.' किरकोळ! हात गळ्यात बांधून फिरतोय बिचारा, आणि किरकोळ! 'विरार, नालासोपारा व इतर भागांत पाणी नाही.' खेळाचं पान घ्या, 'इतर फलंदाजांनी निराशा केली.' अरे, केली तर केली, नाव तरी घ्या! मेल्यावर तरी सुटका? 'पश्चात पत्नी, मुलगा व इतर परिवार.' म्हणजे पुतणे रडले ते फुकटच!

आणि मी? रुडॉल्फ, राहणार पापडी, बागायतदार मंडळाचा चिटणीस. दरवर्षी आमचं केळी-फुलांचं प्रदर्शन असतं, त्याचा मांडव कोण बघतं? मी! घड कोण वाहतं? मी! माइक कुईंऽऽ करायला लागला की धावतं कोण? मीच! आणि पेपरात काय? 'फादर, अध्यक्ष, सॅन्टन व इतर उपस्थित होते.' हा सॅन्टन माझा मेव्हणा, माझ्या बायकोचा, फ्लॉसीचा भाऊ. करतो काय? खुर्चीत बसतो! पण रविवारी मिस्सा आटोपून चर्चच्या बाहेर पडलो की खिशातून कात्रण काढणार, "रुडॉल्फ, ह्यात तू कुठे रे?"... कुठे असणार? व इतर!

बरं, बातमी लिहितं कोण? तीही मीच! आमच्याकडे पद्धतच आहे, मंडळाची बातमी मंडळानंच लिहून व्हॉट्सॲपवर धाडायची. आणि लिहिणाऱ्यानं आपलं नाव शेवटी टाकायचं, बरं दिसतं म्हणून. आणि जागा कमी पडली की पेपरवाला कापतो कुठून? शेवटाकडून!

यंदा म्हटलं, खड्ड्यात गेलं बरं दिसणं! टाकलं माझं नाव पहिलं. फादरच्या आधी! तर पेपरातल्या धनेशचा फोन, "दादा, पाचच नावं छापतो हां, बाकीचे इतर करून टाका ना!" करून टाका! काय केळी सोलायची आहेत? आता कापू कुणाला? फादरना? अध्यक्षांना? मांडव फुकट देणाऱ्या मार्सेलला? सॅन्टनला कापायचं फार मनात होतं हो... पण त्याची बहीण माझ्या घरात, ती भडकली म्हणजे? म्हणून मग, घरात कटकट नको म्हणून... बहिणीलाच कापलं. फ्लॉसीला. फुलांची सगळी आरास तिची, पहिलं बक्षीस तिचं, पण म्हटलं, घरचीच आहे, समजून घेईल.

छापून आलं! पहिलं नाव, रुडॉल्फ! छाती अशी फुगली म्हणता... सॅन्टनला मुद्दाम जेवायला बोलावलं, कात्रण दाखवायला. फ्लॉसीनं हात पुसले, चष्मा लावला, ओळीवरून बोट फिरवलं.

"मी कुठे?"

"अगं, तू घरचीच ना..."

तिनं चष्मा काढून ठेवला. पानं वाढली. पापलेटचं कालवण, वास असा की बस्स! सॅन्टनला तुकडी, जोआनाला तुकडी, जोआना म्हणजे आमची मुलगी, परत सॅन्टनला तुकडी... आणि माझ्यापुढे कालचं पडवळ.

"फ्लॉसी, हे काय?"

"पापलेट पाहुण्याला आणि पोरीला. तू घरचाच ना? तुला इतर."

खाल्लं. गपचूप. सॅन्टन काटे चोखत कात्रण वाचत होता, म्हणाला, "रुडॉल्फ, नाव छान आलंय हां तुझं!"

म्हटलं, हो. जरा ते पडवळ सरकव इकडे.