दुपारचे वॉट

फिजिओथेरपिस्टच्या वेटिंग रूममध्ये माझ्या मागच्या बाकावर नणंद-भावजय बसल्या होत्या.

"वहिनी, सायकल दादा चालवतो आणि गुडघा तुमचा कसा दुखतो?"

"बेडरूममध्ये मशीनच्या स्टँडवर लावलेली त्याची सायकल दुपारी मी चालवते."

"त्याला माहीत आहे?"

"कुठलं! दोघांच्या पायांच्या जोराचे वॉट मशीन त्याच्याच नावावर चढवतं. ऑनलाइन आकडे बघून त्याचा कोच म्हणतो, 'सकाळी तुम्ही जरा ढेपाळता, पण दुपारी वाघ असता.'"

"अहो, दुपारी दादा ऑफिसात असतो!"

"म्हणून तर त्याच्या मते मशीनचं घड्याळ चुकलंय."

"सांगून टाका ना."

"सांगणारच होते. तेवढ्यात कोचने रविवारच्या शर्यतीत त्याला तगड्या लोकांच्या गटात घातलं. हा सगळ्या बिल्डिंगला सांगत सुटलाय."

"मग आता तरी सायकल बंद करा."

"बंद केली तर आकडे पडतील. कोच त्याला खालच्या गटात ढकलेल, आणि हा तोंड पाडून घरभर फिरेल माझ्यासमोर."

"म्हणून दुखऱ्या गुडघ्याने चालवताय?"

"रविवारपर्यंत टिकला म्हणजे झालं."

"आणि रविवारी शर्यतीतल्या चढावर दादाचं काय होणार?"

"एक दिवस माझ्याशिवाय काढायला काय झालं त्याला?"