शून्यावरचा ठिपका

इथे कॅनडात मुलगा शाळेत जायला लागल्यावर मी कॉलेजचा ऑनलाइन स्टॅटिस्टिक्सचा कोर्स घेतला, त्याचं काय सांगू तुम्हाला. असाइनमेंट होती, मुलं घरी रोज किती तास अभ्यास करतात याचा सर्व्हे. मी आमच्या मार्कहॅम गावातल्या आपल्याच मराठी आयांना फोन लावले. शुभा म्हणाली, "दोन." मग अंजू. "शुभाने किती सांगितले? दोन? आमच्याचे तीन लिही." पुढची प्रत्येक जण आधी हेच विचारायची. शेवटची अकरावर गेली, आणि त्यात शाळा धरलेली नव्हती.

फोन केले त्याच क्रमाने ग्राफ काढला. झूमवर प्रोफेसर म्हणाले, "इतकी सरळ रेष मी आयुष्यात पाहिली नाही. फक्त हा एक ठिपका शून्यावर कसा?"

म्हटलं, "तो आमचा. तिथे आईला नाही, मुलालाच विचारलं होतं."