कोंड्याचं मडकं आणि माझे दोन रिकामे हात

सन्माननीय अध्यक्ष ओगावारासाहेब, व्यासपीठावरचे डॉक्टर, पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आसानुमाबाई, आणि गुडघे दुखत असूनही वेळेवर आलेल्या माझ्या समवयस्क मंडळींनो,

मी कुराता, लाकडी पिंपं बांधणारा. शाळा सहावीपर्यंत. व्यवसायोपचार म्हणजे काय, हे अध्यक्षांनी मघाशी सांगितलं; त्यातलं निम्मं मला कळलं. उरलेलं निम्मं माझ्या स्वयंपाकघरात पाहिलं, तेवढंच सांगतो.

चार वर्षांपूर्वी माझ्या पत्नीला, तोमिएला, अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. मी तिला तळहाताच्या फोडासारखं जपलं. घास मी भरवायचा, मोजे मी घालायचे, केस मी विंचरायचे. नवऱ्यानं आणखी काय करायला हवं होतं? पण ती दिवसेंदिवस गप्प होत गेली. एकदा म्हणाली, "मला वृद्धाश्रमात ठेवा. इथे तरी मी काय करते?" आमच्या मुलीनं, चिहारूनं, अर्ज भरला. जायचा दिवस ठरला, एक नोव्हेंबर.

त्याच्या तीन आठवडे आधी आसानुमाबाई घरी आल्या. मला वाटलं, बोटं तपासतील. त्यांनी आधी लोणच्याच्या मडक्याचा वास घेतला; त्यात मीठ घातलेल्या ओल्या तांदळाच्या कोंड्यात आम्ही भाज्या मुरवतो. "लोणच्याचा कोंडा आंबलाय. कोण ढवळतं?"

"मीच. लाकडी डावानं."

कोपऱ्यातून तोमिए कडाडली, "डावानं! सासूबाईंनी दिलेला कोंडा, आणि हे डावानं ढवळतात! अहो, त्याला रोज हात लागतो, पार तळापर्यंत!"

"मग लावा की," बाई म्हणाल्या.

मडकं बुटक्या स्टुलावर आलं, घसरू नये म्हणून खाली ओलं फडकं. बधिर हात कोंड्यात, चांगल्या हातानं मनगट धरून तो फिरवायचा. मी मदतीला धावलो. बाई म्हणाल्या, "कुरातासान, तुमचे हात मांडीखाली घ्या आणि त्यांवर बसा."

बसलो. चाळीस मिनिटं. कोंडा चटईवर, भिंतीवर, तिच्या नाकावर. चाळीस वर्षं पिंपं बांधली, पण इतकं अवघड काम केलं नव्हतं.

"उसासे टाकू नका हो," तोमिए म्हणाली, "मडक्याला तडा जाईल."

दुसऱ्या खेपेला बाईंनी मला काम दिलं: पाटाला खालून दोन खिळे ठोकायचे. वर आलेल्या टोकांवर काकडी रोवली की एका हातानंही चिरता येते. तेवढी सुतारकी माझी, चिरणं तिचं. पुढे मोजे झाले, मग न्हाणीघराचा उंबरठा. ते सगळं सांगत बसलो तर जेवणं थंड होतील.

एक नोव्हेंबरला चिहारू गाडी घेऊन आली. तोमिए दारातूनच म्हणाली, "आज नाही जमायचं गं. वांगी कालच कोंड्यात घातलीत, परवा निघतील."

तीन वर्षं झाली. तिची वांगी अजून परवाच निघतायत.

आज ती सभागृहात नाही. घरी एकटी आहे. हे वाक्य तेव्हा माझ्या तोंडून निघालं नसतं.

बाई, नव्या गावी न्यायला हा तोमिएच्या लोणच्याचा डबा. सर्वांचे आभार. बोलताना काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. फोडी वाकड्या आहेत, पण त्यांच्यासाठी माफी मागायची नाही, असं निघताना तिनं मला बजावलंय.