मांडी दुखण्याचा रविवार

कुश्तोदियाबाई दवाखान्यात नंबराची वाट बघत होत्या. शेजारी गावच्या फुटबॉल क्लबचे अध्यक्ष एव्हारिश्तू आणि मधल्या फळीतला खेळाडू तेल्मू बसले होते.

“डॉक्टरांना सांग, मांडी दुखतेय,” एव्हारिश्तू म्हणाले.

“दुखत नाही, साहेब.”

“लिस्बनचा क्लब खेळायला आला की दरवर्षी दुखते तुझी.”

“तेव्हा मी त्यांचा होतो. सात वर्षं उसना फिरवला मला, पाच गावांत; शेवटची तीन इथं. शेजारणीची कढईसुद्धा इतकी फिरत नाही. मालकाविरुद्ध उतरायचं नाही, म्हणून दुखण्याचं सोंग करायचं.”

“आणि आता?”

“जूनमध्ये त्यांचा करार संपला. आता मी तुमचा.”

“त्यांचा फोन होता. रविवारी त्यांच्याविरुद्ध तू खेळलास, तर पुढं एकही खेळाडू उसना देणार नाहीत.”

“नका घेऊ. मधली फळी मी सांभाळतो.”

“एकतिसाव्या वर्षी?”

“पळायला पोरं आहेत. चेंडू कुठं जायचा, ते मी ठरवतो.”

“क्लब बुडेल रे.”

“इतकी वर्षं त्यांच्या पाया पडून कुठं तरंगलाय?”

नर्सनं कुश्तोदियाबाईंचं नाव पुकारलं.

“तू जा आधी,” त्या तेल्मूला म्हणाल्या. “माझा गुडघा थांबेल.”

तो आत गेला. दार त्यानं उघडंच ठेवलं.

“डॉक्टर, ठणठणीत आहे असं लिहा. मोठ्या अक्षरात लिहा, बाहेर साहेबांना वाचायचंय.”