वाकडं कापणारं मशीन

सलीमच्या वखारीतल्या त्या मशीनचं गणित मला अजून नीट कळलेलं न्हाई, तरी सांगतो.

वाईच्या एका हॉटेलवाल्याला लाकडी कौलांचं छप्पर पायजे हुतं. आमच्या उंब्रजचे सुभेदार आण्णा नोकरीत हिमाचलला हुते. त्यांनी तिकडनं लाकडाची कौलं काढायचं जुनं मशीन मागवलं, सलीमकडं बसवलं आणि सांगलीला लग्नाला गेले.

सलीमनं आणि मी ते चालू केलं. पयलं कौल आलं ते एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पापडासारखं. पुढची सगळी तसलीच.

सलीम म्हणाला, "बिघडलंय गड्या."

"मग ह्यांचं काय करायचं?"

"पाचर म्हणून झ्याक हायेत. ने की."

बघता बघता गावानं ढीग उचलला. कुणी दाराखाली सारलं, कुणी डुगडुगत्या कॉटखाली. मशीनचं टेबल दर कापाला तिरपं हुत हुतं, ते आमी वेल्डिंग मारून पक्कं केलं. मग कौलं निघाली, अगदी पट्टीवाणी सरळ!

आण्णा आले. एक कौल हातात घेऊन फिरवत बसले.

"ह्याचं जाड टोक कुठाय?"

"आवं आण्णा, दुरुस्त केलं की."

"दुरुस्त? आरं, पातळ टोकावर दुसऱ्याचं जाड टोक येतं, तवा छप्पर बसतं! आदीची कौलं कुठायत?"

सलीमनं माझ्याकडं बघितलं, मी मशीनकडं.

"गावात हायेत," सलीम म्हणाला, "दारांखाली."

आण्णा ताडकन उठले, बाहेर पडले आणि रागानं वखारीचं दार आपटायला गेले.

दार जागचं हललं न्हाई. खाली पाचर हुती.